खिडकीवरची नऊ बेटं

मिल्टनहून टोरांटोला जाणाऱ्या सकाळच्या गाडीत तो माझ्यासमोर बसायचा. अंगावर सिक्युरिटी गार्डचा गणवेश. थंडीत काच धुरकटली की करंगळीने तिच्यावर गोलाकार नऊ ठिपके काढायचा, भर महासागरातल्या त्याच्या गावची नऊ बेटं. मधे खारं तळं, एका बाजूला फट. "होडी इथूनच आत येते," तो सांगे. त्याचं बेट इतकं अरुंद, की अंथरुणावर पडल्यापडल्या दोन्हीकडचा समुद्र ऐकू येतो. डोंगर नाही, नदी नाही, माडाहून उंच काहीच नाही.

एकदा त्याने मुलीचा शाळेचा अ‍ॅटलास माझ्यापुढे आपटला. बोट ठेवलं तिथे नुसता निळा रंग.

"वर्गातली मुलं तिला म्हणाली, तुझ्या बाबांनी थापा मारल्या. काल तीच मला विचारत होती, खरंच आहे का तुमचं गाव! समुद्र थोडंथोडं गिळतो हो, या नकाशावाल्यांनी एका दिवसात बुडवलं. कोण असतात ही माणसं?"

मी असतो. ठरावीक आकाराहून लहान बेटं गाळायची, हा आमच्या ऑफिसचा नियम. ते पान मीच केलं होतं. त्याच अ‍ॅटलासात आमच्या साहेबांचं कॉटेज असलेलं, इथल्याच एका सरोवरातलं टीचभर बेट मात्र मी नावानिशी ठेवलं होतं. तेव्हा कुठे गेला होता नियम?

"चूक झाली असेल," एवढंच मी म्हणालो.

"चूक असती, तर नऊपैकी एखादं तरी राहिलं असतं," तो म्हणाला.

त्याने काचेवर वाफ सोडली आणि नऊ ठिपके पुन्हा काढले. मी ते मोजले. ऑफिसात पुसताना मोजलेही नव्हते.