लेक घरी परत आली तेव्हा

कपड्यांच्या कारखान्यात ती काजं-बटणं करायची. हात इतका चलाख, की बरोबरच्या बायका म्हणायच्या, “अगं ए मशीन, जेवायला तरी बंद पड!” नवरा ती पोटुशी असतानाच सोडून गेला आणि बाळंतपणानंतर ती हळूहळू दारूच्या नादी लागली. एका सकाळी पाच महिन्यांची लेक रडून रडून काळीनिळी पडली, आणि ही बाजूलाच बेशुद्ध. शेजारणीनं दार तोडायला लावलं. त्याच दिवशी बालकल्याण समितीनं पोरगी सांभाळायला दुसऱ्या कुटुंबाकडे दिली.

तान्ह्या मुलांच्या आईबापांना सावरण्यासाठी कोर्टाचा एक उपक्रम होता. तिला त्यात घेतलं. व्यसनमुक्ती केंद्र, दर आठवड्याला लघवीची तपासणी, महिन्यातून एकदा न्यायाधीशबाईंपुढे हजेरी. लेकीची भेट आठवड्यातून तीनदा, तासभर, तीही समाजसेविकेसमोर. तपासणीची बाटली हातात घेताना आधी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे तेही अंगवळणी पडलं.

एक मात्र पडेना. तास संपून सांभाळणारी बाई दारात दिसली, की पोरगी हात पसरून तिच्याकडे झेपावायची. समाजसेविका खाली मान घालून लिहीत बसायची.

“काय लिहिता हो ताई?” एकदा तिला राहवलं नाही.

“मूल शांत झालं, एवढंच.”

अकरा महिन्यांनी न्यायाधीशबाई म्हणाल्या, “शाबास! न्या लेकीला घरी.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

घरी पोरगी दाराशीच फतकल मारून बसली. घास भरवला, थुंकून टाकला. कडेवर घेतलं तर अंग ताठ. दुपार कलली, रडून घसा बसला, तरी थांबेना. काय करावं तिला सुचेना. शेवटी तिनं त्या सांभाळणाऱ्या बाईला फोन लावला.

“झोपतच नाहीये हो. मी काय करू?”

पलीकडून बाई म्हणाली, “थोपटू नका. कपाळावरून खाली भुवईपर्यंत बोट फिरवत राहा. आणि... फोन तिच्या कानाशी धरता?”

तिनं धरला. बाई काहीतरी गुणगुणू लागली. हुंदके विरत गेले. आई बोट फिरवत राहिली. मध्ये स्वतः काही बोलायची तिची छाती झाली नाही.