चिमट्याच्या टोकावरचं कुंकू

विद्यालक्ष्मीकडे माझं लक्ष पहिल्यांदा गेलं ते तिच्या आवाजामुळे. समोरच्या फ्लॅटच्या दारात उभी राहून ती फोनवर तमिळमध्ये ओरडत होती, "पुन्हा बर्फ जाड झालाय, सर! मी तरी काय करू?" मला वाटलं, पोरगी बर्फाच्या कारखान्यात आहे.

खरं काम तिनं मागाहून सांगितलं, तेही वैतागूनच. घर तंजावरकडचं मराठी, त्यामुळे माझ्याशी मराठीत; मी शाळेत शिकवलेलं, म्हणून मला 'टीचर' म्हणते. मसुराएवढ्या तांब्याच्या जाळीवर प्रथिनाचा थेंब ठेवायचा, टिपकागदानं टिपायचा आणि क्षणात अतिथंड द्रवात बुडवायचा. मग मोठ्या सूक्ष्मदर्शकात प्रथिनाचा आकार दिसतो.

"बर्फ जाड झाला तर काही दिसत नाही, पातळ झाला तर प्रथिन सुकतं. त्यात ही चेन्नईची हवा, टीचर! श्वास सोडला तरी जाळीवर हिम धरतं."

तो सूक्ष्मदर्शक बंगळूरला. तिला ऑक्टोबरातला एक दिवस मिळाला होता. त्यानंतरचा थेट मे महिन्यात, आणि शिष्यवृत्ती जानेवारीत संपणार. पीएचडीचं चार वर्षांचं काम त्या एका दिवसावर आलं होतं.

आयुधपूजेच्या, म्हणजे आपल्या खंडेनवमीच्या, आदल्या दिवशी प्रयोगशाळेतले जुने मदतनीस रंगा अण्णा तिला लाडानं 'पाप्पा', म्हणजे बाळ, म्हणत; ते विचारून गेले, "पाप्पा, पूजेतून तुझं काही बाजूला ठेवू का?"

तिचं लक्ष प्रथिनात. "काय हवं ते करा हो," म्हणाली.

पूजेच्या दिवशी सगळ्यांना सुट्टी. बंगळूरचा दिवस तोंडावर, म्हणून हिनं ताजं प्रथिन घेऊन खोली उघडली, तर यंत्राला चंदन, बाटल्यांना कुंकू, आणि जाळी धरायच्या सुईसारख्या टोकाच्या चिमट्यांनाही ठसठशीत बोट लावलेलं! फोन केल्यावर अण्णा धावत आले.

"अण्णा, कुंकवाचा एक कण तिथं डोंगराएवढा दिसतो!"

"मग काल सांगायचं. तोंड होतं ना?"

त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नसतो; तरी अण्णा तोंडानं पुटपुटत, भिंगाखाली एकेक चिमटा धूत बसले. त्यात दोन तास गेले. मग तिनं आठ जाळ्या केल्या आणि बंगळूरला पाठवल्या.

चौथ्या दिवशी निरोप आला : आठही जाळ्यांत नुसत्या गुठळ्या. चिमट्यांची वाट पाहण्यात, त्या दोन तासांत प्रथिन बिघडलं होतं.

"अण्णांना कुठल्या तोंडानं बोलू, टीचर? करा म्हणाले मीच!" असं म्हणून तिनं अर्धा तास हवेला, यंत्राला आणि मार्गदर्शक सरांना बोलून घेतलं.

शिष्यवृत्ती जानेवारीत संपली. सध्या ती सकाळी एका शाळेत अकरावीला जीवशास्त्र शिकवते आणि दुपारी प्रयोगशाळेत मेसाठीच्या जाळ्या करते.