साडूंचा स्विमिंग पूल

आमच्या थोरल्या साडूंच्या डोक्यात एखादी गोष्ट शिरली की ती बाहेर काढायला साक्षात ब्रह्मदेव अमडापूरला उतरला, तरी साडू त्याला चहा पाजतील आणि त्यालाच कामाला लावतील. मी तर चिखलीत राहणारा साधा माणूस. त्यांचा फोन आला की बायको माझी पिशवी भरायलाच घेते. साडूंनी एकदा घराला आतून बाहेरून पोपटी रंग द्यायचं ठरवलं, तेव्हा शिडी मी धरली होती. मधमाश्या पाळल्या तेव्हा सुजलं माझं तोंड. त्यांना मात्र एक माशी चावेल तर शपथ! वर मलाच म्हणाले, ‘तुम्ही हललेच काऊन?’

तर या माणसाने घरामागे स्विमिंग पूल बांधायचं काढलं. गावात नळाला पाणी येतं तेव्हा लोक हातातली कामं टाकून धावतात, तिथे हे थेर! पण कारण ऐकल्यावर बोलायची सोय राहिली नाही. त्यांची एकुलती नात पुण्याला असते. मागचे दोन उन्हाळे ती आली नव्हती. तिकडे सोसायटीत पोहायचा तलाव, मैत्रिणी, आणि इथे ऊन. ‘आबा, तिथे येऊन मी काय करू?’ असं ती फोनवर सहज बोलून गेली आणि साडूंचं जेवणातलं लक्षच उडालं. यंदा नात सुट्टीत आली पाहिजे, बस्स.

आता तयार फायबरचा पूल विकणाऱ्या माणसाने जागा सुचवली होती ती मोकळ्या अंगणातली. साडूंनी त्याला ओट्यावर बसवलं आणि पाणाड्या बोलावला. तळहातावर नारळ आडवा ठेवून जमिनीतलं पाणी हुडकणारा! मी कपाळावर हात मारला. अहो, ज्या खड्ड्यात पाणी बाहेरून ओतायचंय, त्याला खालचा झरा कशाला? पण मोठ्या खोदकामाआधी पाणाड्या फिरवायचा ही त्यांच्या घरची रीत. नारळ उभा राहिला तो नेमका कडुलिंबाखाली. मग काय, तिथेच जेसीबी लागला. ट्रकवरून आलेला पूल फाटकातून जाईना, म्हणून साडूंनी कंपाउंडची भिंत पाडली. शेवटी बसला एकदाचा. बोअरचं सगळं पाणी पुलात सोडलं, तोवर परसातली वांग्याची झाडं तहानेने माना टाकून उभी, आणि पाण्यावर लिंबाचा पाला. जाळीने पाला काढायचं काम कोणाकडे आलं, हे सांगायला नको.

एवढ्यावर भागलं असतं तर ते आमचे साडू कसले! नव्या विहिरीचं करतात तसं त्यांनी पुलाचं जलपूजन केलं. हळद-कुंकू, नारळ, खणानारळाची ओटी, सगळं यथासांग. फोटो काढले, पेढे वाटले. आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पोहायचं नाव काढताच आमच्या आक्का, म्हणजे त्यांची बायको, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. ‘ओटी भरलेल्या पाण्यात पाय घालतेत का कोणी?’ झालं! पूजा यांच्याच हातची, त्यामुळे बोलायला तोंड नाही. भरलेला पूल, आणि घरातलं कोणी पायाचा अंगठा बुडवायला तयार नाही.

त्यातच साडूंच्या मुलीचा निरोप आला की नातीला आधी फोनवर पूल बघायचाय. रिकामा पूल पाहून पोरीला काय हुरूप येणार? साडूंनी मला तातडीने बोलावून घेतलं. ‘तुम्ही पाहुणे. पाहुण्याले दोष नाई लागत,’ म्हणाले आणि स्वतःची हाफपँट माझ्या हातात दिली. या वयात, शेजारणी गच्चीवर वड्या घालत असताना, मी नाडी आवळून पाण्यात उतरलो आणि फोनसमोर हातपाय मारले. नात खिदळली. मग म्हणाली, ‘आबा, तुम्ही का नाही उतरत?’

साडूंनी फोन आक्कांच्या हातात दिला, चपला काढल्या, पाण्याला नमस्कार केला आणि पायजमा-सदऱ्यासकट पायऱ्या उतरून माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. आक्कांनी फोन त्यांच्याकडे वळवून धरला. तिकडे नात टाळ्या वाजवत होती. मग मुलगी फोनवर आली. पूल छानच झालाय म्हणाली, पण यंदा पोरीचे क्लास आहेत, दिवाळीत नक्की बघू. फोन बंद झाला.

मी बाहेर यायला निघालो. साडू हलले नाहीत. छातीइतक्या पाण्यात कठडा घट्ट धरून उभे होते, आणि तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं.

‘तुम्हाला पोहता येत नाही?’

‘नाई ना,’ ते हळूच म्हणाले. ‘शिकवा मले, भाऊ. दिवाळीले ते आली, अन् मी काठावरच बसून राह्यलो, त कसं दिसंल?’

मघापासूनचा माझा वैताग कुठे गेला कोण जाणे. मी त्यांच्या पोटाखाली हात धरला आणि पाय मारायला सांगितलं. सदरा फुगला, नाकातोंडात पाणी गेलं, तरी ते पाय मारत राहिले. एवढा भारदस्त माणूस, पण माझ्या हातावर त्यांचं वजनच जाणवत नव्हतं. हात काढायची मला भीती वाटत होती.