घासलेली मोहोर

कुणी वाचलंच तर अक्षराला आणि चुकांना हसू नका, मी चौथीपर्यंतच शिकले.

आज रिठे भिजवले आणि त्या वासासरशी वीस वर्षांपूर्वीचं भाईंदरचं दुकान आठवलं. ह्यांच्या ऑपरेशनसाठी सासूबाई आपली जुनी सोन्याची मोहोर विकायला आल्या होत्या. दुकानदाराने ती कडेने धरून भिंगाखाली तिरकी केली.

"माँजी, पुरानी चीज है, दाम अच्छा मिलता. पर घिसा किसने? अब सिर्फ सोने का भाव."

"मीच. चांगली दिसावी म्हणून काल रिठ्याने, राखेने घासली," त्या हळूच म्हणाल्या.

कमी पडलेले पैसे शेजारणीने उसने दिले. ऑपरेशन होऊन हे बरे झाले. सासूबाई मात्र बसल्या-बसल्या रिकामा अंगठा पदरावर घासत राहायच्या, शेजारणीचा शेवटचा रुपया फिटला त्या दिवशीसुद्धा.