शेऱ्याचा रकाना

वाचनालयाचे ग्रंथपाल म्हणजे नाकासमोर चालणारा माणूस. बायको मात्र तिखट, आणि खरं सांगायचं तर लोक पुस्तकांपेक्षा तिच्या जिभेसाठीच यायचे. तीस वर्षं दोघं एकाच टेबलाशी समोरासमोर बसली. सभासदांच्या नोंदी तिनं संगणकावर चढवल्या, तेव्हा शेऱ्याच्या रकान्यात तिनं मनसोक्त हात धुऊन घेतले. 'शेवटचं पान आधी वाचतात.' 'खूण म्हणून कंगवा ठेवतात. डोक्यावर केस नाही!' चारशे सभासद, चारशे शेरे. ग्रंथपालही सभासदच.

"माझ्यापुढे काय लिहिलंयस गं?"

"मी गेल्यावर वाचा. आत्ता वाचलंत तर भांडाल."

ती गेली. ते रोज एखादा शेरा उघडून एकटेच हसायचे. स्वतःचा तेवढा उघडत नसत. तो वाचला की तिचं बोलणंच संपलं, असं त्यांना वाटायचं.

पुढे सभासदांचे फोन नंबर नव्यानं घ्यायचं ठरलं. त्यांनी सगळी यादी तक्त्यात उतरवली आणि तक्ता दाराजवळच्या संगणकावर उघडा ठेवायचं ठरवलं. ज्यानं त्यानं आपला नंबर भरावा. पण कंगवेवाल्यानं आपला शेरा वाचला तर? मेलेल्या बायकोला बोल लागायचा! म्हणून तक्त्यातला शेऱ्याचा रकाना त्यांनी न वाचताच वरपासून खालपर्यंत पुसून टाकला. मूळ नोंदींत शेरे होतेच.

आठवड्यानं भरलेला तक्ता परत नोंदींत घातला. संगणकानं विचारलं, जुन्या नोंदी बदलू? रिकाम्या जागांसकट? सरळ माणूस, दोन्हीला हो म्हणाला. वर शहाणपणानं नोंदींच्या जुन्या राखीव प्रतीच्या जागी नवी प्रतही साठवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर एकही शेरा नाही.

संगणक दुरुस्त करणारा आला, तासभर खटपट करून मान हलवत उठला. "काका, तक्त्यात रिकामं होतं, म्हणून त्यानं इथंही रिकामं केलं. प्रत आधी काढायची असते हो!" आणि समजूत घालायला म्हणाला, "जाऊ द्या. नंबर तर सगळे बरोबर आलेत."

"हो," ग्रंथपाल म्हणाले. "नंबर आलेत."

तो गेल्यावर त्यांनी लेकीला फोन लावला.

"आईनं माझ्यापुढे काय लिहिलं होतं, तुला कधी बोलली होती का गं?"

"नाही. का? बाबा, दीड वर्ष झालं, तुम्ही अजून वाचलं नव्हतं?"

"वाचणार होतो," ते म्हणाले. "घाई कसली होती?"