अक्काच्या दुधातली पावडर

माझी थोरली बहीण, अक्का, त्या उन्हाळ्यात एकाएकी वाळू लागली. मांबलम स्टेशनपासून घरापर्यंत चालत आली तरी धापा टाकायची. तिच्यासाठी स्थळं बघणं सुरू होतं. तंजावरहून आलेल्या एका पाहुण्या बाईंनी "मुलगी अंगानं फारच कमी" म्हणून नकार कळवला. तेव्हापासून अम्मा तिला सकाळ-संध्याकाळ दुधात माल्टची पावडर घालून देऊ लागली.

पावडर बड्या कंपनीची, डब्यातली. मग बाजारात तो डबा मिळेनासा झाला, म्हणून अप्पांनी सहकारी भांडाराची स्वतःची पावडर आणली, साध्या कागदी पुड्यात.

"माझ्या पोरीला हे पाजू?" अम्मा भडकली. "यात सत्त्व काय असणार?"

मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकत होते. जुना डबा आणि नवा पुडा शेजारी ठेवून मी दोन्हींवरची बारीक अक्षरं तिला वाचून दाखवली. माल्ट, साखर, दुधाची भुकटी. डब्यात जीवनसत्त्वं तेवढी जास्त. अम्माचं समाधान होईना. कसर भरून काढायला ती पुड्यातली पावडर दुप्पट घालू लागली, वर साखरही.

अक्का मुकाट्यानं पीत होती. तिला सारखी तहान लागायची, लघवीला सारखं उठावं लागायचं. उकाड्यानं होत असेल, असं आम्ही धरून चाललो.

एका सकाळी ती उठेचना. श्वास खोल, जोरजोरात चाललेला, तोंडाला सडक्या फळासारखा वास. अप्पा धावत जाऊन टॅक्सी घेऊन आले.

इस्पितळात डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली आणि विचारलं, "हिला काय काय देता?"

अम्मानं सगळं सांगितलं, जरा अभिमानानंच.

"हिला मधुमेह आहे. गोड पूर्ण बंद."

"कुठल्या पावडरीनं झाला, डॉक्टर? पुड्यातल्या?"

"पावडरीनं होत नाही, अम्मा. पण साखर दोन्हींत आहे, आणि ती हिला सोसत नव्हती."

अक्का वाचली. इन्सुलिनची सुई स्वतःच टोचून घ्यायला शिकली, पुढे शाळेत शिकवू लागली. लग्नाचं नाव तिनं कुणाला काढू दिलं नाही.

अम्मा मात्र सावरली नाही. जेवताना मध्येच थांबायची. "मीच पाजलं," म्हणायची.

"तुला कुठं ठाऊक होतं, अम्मा?" अक्का तिचा हात धरायची.

अम्मा हात सोडवून घ्यायची आणि ताट घेऊन मोरीकडे जायची.