तळमजल्यावरच्या चिनी बाई

घाटकोपरला आमच्या चाळीत तळमजल्यावर एक चिनी बाई राहायच्या. त्यांचा नवरा दातांचा डॉक्टर. चीनशी युद्ध होऊन पाच-सहा वर्षं झाली होती, तरी शेजारी त्यांच्याशी जेवढ्यास तेवढंच बोलत. बाईंना त्याची फिकीर नव्हती. जिन्यात गाठ पडली की त्या "गरम पाणी पिला?" असं विचारत आणि उत्तर मिळेपर्यंत वाट सोडत नसत.

पाळीत माझं पोट फार दुखायचं. मॅट्रिकच्या पहिल्या पेपरच्या सकाळी मी अशीच बाजूला बसून कण्हत होते. आवाज ऐकून बाई वर आल्या आणि सरळ माझ्या चटईवर बसल्या.

"अहो, तिला शिवू नका!" आई ओरडली.

"दुखते तिला. शिवला नाय तर बरा कसा करणार?"

त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, घोट्याच्या वर आतल्या बाजूने चार बोटं मोजली आणि तिथे अंगठा खोल दाबून धरला. "अंदर थंडी बसली, रक्त अडकला. आलं-गूळ उकळून दे हिला."

हळूहळू कळ सैल झाली. मग त्यांनी आईचा हात धरला. "दुसरा पाय तू दाब. दर महिना मी कुठे येणार?"

आईने एकदा देवघराकडे पाहिलं आणि ती खाली बसली. त्या दिवसांत तिने मला हात लावायची ही पहिलीच वेळ. बाईंनी तिचा अंगठा नेमक्या जागी टेकवला.

"जोरात," त्या म्हणाल्या.

अकराच्या पेपरला मी चालत गेले.